सगळ्यात कमी कार्बनचा माणूस

दिघ्याजवळच्या एका केमिकल कंपनीत मी क्लार्क होते. मराठी बरं लिहिते म्हणून साहेबांनी एक इंग्रजी फॉर्म माझ्या टेबलावर टाकला. ‘मराठीत करा आणि कामगारांकडून भरून घ्या. प्रत्येकाचा कार्बन फूटप्रिंट काढायचाय.’

शब्द नवा होता. साहेबांनीच समजावलं, की आपण गाडी चालवतो, वीज वापरतो, गॅस जाळतो, त्यातून हवेत जाणारा कार्बन कुणाच्या वाट्याचा किती, ते मोजायचं. मी एकेकाला बोलावून फॉर्म भरत बसले.

बॉयलरवर एक काका होते. मराठवाड्यातून आलेले, कैक वर्षं दिघ्यात एका खोलीत राहणारे. घरात एसी? नाही. फ्रीज? होता, बिघडला. गाडी? ते हसले. ‘चालत येतो की मॅडम. सकाळच्या पाळीला रिक्षा कुठं मिळती?’

मग फॉर्म उलटसुलट करून म्हणाले, ‘आन् बॉयलरचं कुठं लिवायचं? दिसभर तेल तर मीच जाळतो.’

मी साहेबांना विचारलं. ‘ते स्कोप वन, म्हणजे कंपनीचं थेट उत्सर्जन. त्याचा रिपोर्ट वेगळा. आणि त्याचा आपण ऑफसेट घेतो.’

‘ऑफसेट म्हणजे?’

‘इथल्या धुराच्या बदल्यात दुसरीकडे झाडं लावून घ्यायची. वजाबाकी झाली की नेट झिरो.’

दुसरीकडे म्हणजे परराज्यात. धूर मात्र दिघ्यातच. मी मान डोलावून बाहेर आले. तेव्हाच बोलायला हवं होतं.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. सगळ्यात कमी फूटप्रिंट काकांचा! कॅन्टीनमध्ये टाळ्या, सर्टिफिकेट, कुंडीतलं रोप, आणि नोटीस बोर्डावर भला मोठा फोटो. फोटोखाली त्यांच्या नावाने एक वाक्य: ‘पृथ्वीसाठी मी रोज चालतो.’ ते मी लिहिलं होतं. साहेबांनी सांगितलं म्हणून, पाच मिनिटांत.

दुपारी काका माझ्या टेबलाशी आले. ‘मॅडम, हे मी कवा बोललो?’

मी टेबलावरचे कागद उगाच सरळ करू लागले.

‘गाडी नाही म्हणून चालतो. त्याचं बक्षीस देतेत व्हय?’

आवाज चढला नव्हता. त्यानेच माझं डोकं भडकलं. खाली साहेबांची गाडी ड्रायव्हरसकट एसी लावून उभी होती. संताप त्यांचा आला, आणि त्याहून जास्त माझा.

परराज्यातल्या झाडांचं मी त्यांना सांगून टाकलं. ‘आता काय म्हणायचंय ते सांगा काका,’ मी म्हटलं. ते सांगत गेले, मी टाइप केलं: ‘रिक्षा मिळत नाही म्हणून मी चालतो. दिवसभर बॉयलर चालवतो. त्याचा धूर माझ्याच घरावर येतो. झाडं तिकडं का लावता?’ प्रिंट काढली आणि जुन्या वाक्यावर चिकटवली.

तासाभरात बोलावणं आलं. ‘हे काय केलंत?’

‘भाषांतर दुरुस्त केलं, सर.’

‘तुम्हाला या टर्म्स कळत नाहीत, मॅडम.’

‘आता कळल्यात.’

फोटो उतरला. काकांना कुणी हात लावला नाही. बॉयलरचं लायसन असलेला दुसरा माणूस त्या पाळीला नव्हता. मला मात्र डिस्पॅचच्या कोंदट खोलीत पाठवलं.

पहिल्याच दिवशी काका डबा घेऊन तिथे आले. रागाने मी माझा डबा उघडलाच नव्हता.

‘जेवा मॅडम,’ ते म्हणाले. ‘उपाशीपोटी भांडता येत नाही.’