भांडायला कुणीतरी हवं

सकाळी पोळ्या लाटत होते, तेवढ्यात दार वाजलं. बाहेर मुनीरचाचा उभे होते. माझे सासरे आणि ते कारखान्यात तीस वर्षं शेजारशेजारच्या लेथवर होते. निवृत्तीनंतर दर गुरुवारी आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात बसून दोघं देवावरून भांडायचे.

"मियाँ, तुमचा देव दिसतच नाही!"

"आणि तुमचे इतके, की हजेरी घेता घेता शिफ्ट संपेल!"

सासरे गेले तेव्हा चाचा तीन दिवस येऊन बसले, मग फिरकलेच नाहीत. मला ते लागलं होतं. पण सुतकातल्या घरी कुणाला बोलावत नाहीत, म्हणून मीही निरोप धाडला नाही.

"बेटी, आमच्यात मातम तीनच दिवस," चाचा खाली बघत म्हणाले. "पुढे घरच्यांना त्रास द्यायचा नसतो. तुमच्यात तेरा दिवस असतात, हे काल कळलं. माफ कर."

मी त्यांना आत बसवलं, चहा दिला. चाचांनी तो तसाच धरून ठेवला.

"सदाशिवला मी काही पटवू शकलो नाही, तो मलाही नाही. पण त्याच्या एकेका सवालासाठी मला घरी जाऊन माझाच धर्म नीट वाचावा लागायचा. आता कोण विचारणार?"

मग हळूच म्हणाले, "बेटी, गुरुवारी तू बसशील माझ्याशी भांडायला?"