जित्या माणसाचा पंचनामा

"हात गेलाय?"

"नाही."

"पाय?"

"नाही."

"डोळा, कान, बोटं?"

"नाही साहेब."

"मग गेलंय काय त्याचं?"

कारकून असं म्हणाला आणि शेजारच्या टेबलाकडं बघून हसला. तोंडात पान. माझे मालक बाहेर बाकड्यावर बसले होते, भिंतीला पाठ लावून, दाराकडं तोंड करून. त्यांना सगळं ऐकू गेलं.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. नाशकात एक समिती होती, माजी सैनिकांना औषधपाण्याला मदत करणारी. कारकून तिथलाच. समितीचं नाव घ्यायची माझी इच्छा नाही. मालकांनी तेरा वर्षं फौजेत काढली. शेवटची काश्मिरात, वरच्या चौकीवर. तिथं जोडीदार त्यांच्या मांडीवर मेला. मग हे घरी जातो म्हणून लिहून देऊन आले. पंधरा वर्षं भरली असती तर पेन्शन बसली असती. पेन्शन नाही म्हणून लष्करी दवाखान्यातही नाव नाही.

गावाला काही कळलं नाही. माणूस धडधाकट. झेंडू तोडायला माझ्या आधी शेतात हजर. पण रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. दिवाळीचे चार दिवस विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीत, कानात कापूस घालून. एकदा हरसूल रस्त्यावर, आमच्या बांधाजवळ, ट्रकचं टायर फुटलं. यांनी सासूबाईंना वाफ्यात ढकललं आणि वर स्वतः पडले. म्हातारीचा हात मोडला. त्यापायी हा माणूस तीन दिवस जेवला नाही. म्हातारीच शेवटी डाव्या हातानं घास भरवायला बसली.

तेव्हा मी त्यांना नाशकात मनाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "बाई, हे वेड नाही. लढाईचा धक्का मनात बसलाय. पुण्याला दवाखान्यात दोन-तीन महिने ठेवा, औषधं चालू ठेवा, माणूस सावरतो. पण उशीर करू नका." तसं त्यानं लिहूनही दिलं. तोच कागद मी कारकुनापुढं ठेवला होता. त्यानं उघडूनसुद्धा बघितला नाही.

"अर्जात याला रकाना नाही," कारकून म्हणाला. "गावात पंचनामा करून घ्या. आमचे तपासनीस येतील. पाच प्रतिष्ठित माणसांसमोर पेशंट दाखवायचा आणि सह्या घ्यायच्या."

पंचनामा. गारपिटीत द्राक्षं झोडपली की करतात तो. आणि मी काय म्हणाले? "बरं साहेब" म्हणाले. गरजवंताला अक्कल नसते.

पुढचं सांगताना माझीच मला शिसारी येते, पण सांगते. पंच मीच गोळा केले. अण्णा म्हणजे गावातले मोठे बागायतदार, त्यांच्या दारात तीनदा गेले. बाकीचे चौघे अण्णांनी मान हलवली की मान हलवणारे, ते आपोआप आले. आणि मालकांना मी खोटं सांगितलं. म्हटलं, "गाव तुमचा सत्कार करणार हाय."

त्यांनी दाढी केली. पांढरा शर्ट इस्त्री करून घातला. ट्रंकेतून पदकं काढली, फडक्यानं पुसली आणि छातीवर लावली. मी बघत होते. तेव्हाच माझ्या जिभेला फोड यायला पाहिजे होता.

अंगणात सतरंजी टाकली. पाच पंच बसले. तपासनीस सफारी घालून आलेला, त्याला खुर्ची दिली. मालकांनी स्वतः चहाचं ताट फिरवलं. तपासनिसानं विचारलं, कुठली पलटण, किती वर्षं, कुठं कुठं होतात. यांनी सगळी नीट उत्तरं दिली. सावकाश, साहेब साहेब म्हणत.

तपासनिसानं पेनाला टोपण लावलं. "हा तर चांगला माणूस आहे. मी लिहू काय?"

मनात म्हटलं, आजच का एवढे चांगले वागताय हो. असा विचार केला मी. नवरा शहाण्यासारखा बोलतोय म्हणून मी घाबरले.

अण्णा उठले. "थांबा, दाखवतो तुम्हाला. आमच्या पोरीच्या लग्नातले सुतळी बॉम्ब हायेत जीपमधी."

मला समजलं. अण्णा जीपकडं गेले, परत आले, गोठ्यामागं गेले. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी उघडलं नाही. वाटलं, एक आवाज होईल आणि पुण्याचा दवाखाना मिळेल.

आवाज झाला. गोठ्यातली गाय दावं तोडायला लागली. यांनी झेप घेऊन तपासनिसाला खुर्चीसकट खाली पाडलं, त्याच्यावर आडवे झाले आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं झाकलं. "हलू नका साहेब, हलू नका. मी हाय." एवढंच म्हणत होते. त्यांची पँट ओली झाली होती. पदकं मातीत.

पंच हसले. पोट धरून हसले. अण्णा गोठ्यामागून येत म्हणाले, "आता लिहा की."

मालकांच्या अंगाखालून तपासनीस सरपटत निघाला. सफारीची माती झटकली. "चला, पुरावा झाला," म्हणाला. त्याला वाचवायला माणूस अंगावर पडला होता, आणि हा म्हणतो पुरावा झाला. मला ओकारी आली. खरंच आली, गोठ्याच्या भिंतीशी जाऊन ओकले.

परत आले तर कागद तयार. 'सदर इसम वेडसर व धोकादायक असल्याचे पंचांनी प्रत्यक्ष पाहिले.' सासूबाई मोडका हात पोटाशी धरून लेकाला घरात नेत होत्या.

"सूनबाई, कर सही," अण्णा म्हणाले. "झालं तुझं काम."

मी दहावी शिकलेली. पेन घेतलं आणि त्या ओळीवर काट मारली. खाली लिहिलं. 'अण्णांनी गोठ्यामागे सुतळी बॉम्ब फोडला. माझ्या मालकांनी तपासनीस साहेबांना अंगाखाली घेतले व त्यांचे डोके झाकले. पंच हसले.' खाली माझी सही केली आणि कागद सतरंजीवर ठेवला.

"हे खरं हाय का नाय? तुमच्या डोळ्यांदेखत झालंय. मग करा सह्या."

कुणी पेनाला हात लावला नाही. आत्ता हसणारे चौघे जमिनीकडं बघत होते. अण्णांचं तोंड काळंनिळं झालं. "कागद नासवलास तू. आता मदत विसर."

"विसरले. चहा पिऊन झाला असंल तर उठा."

दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडू तोडताना मी मालकांना सांगितलं. म्हटलं, "सत्कार नव्हता तो. मी खोटं बोलले."

त्यांचे हात थांबले नाहीत. "माहीत होतं. त्या कारकुनाचं बोलणं मी ऐकलं होतं ना."

"मग बसलात कशाला?"

"तुला कागद पाहिजे होता."

मी वाफ्यातच खाली बसले. रडू आलं नाही. घाण वाटली. त्या सफारीवाल्याची, गावाची, आणि सगळ्यात जास्त माझी. जे मी त्यांना कळू नये म्हणून लपवत होते, ते कळूनही हा माणूस पदकं पुसून लावत होता. माझ्यासाठी.

सोमवारी फुलबाजारात माल उतरवला आणि तशीच समितीत गेले. डॉक्टरचा कागद आणि तो काट मारलेला कागद, दोन्ही टेबलावर ठेवले. म्हटलं, आवक नंबर द्या.

"पंचांच्या सह्या नाहीत. हे चालत नाही," कारकून म्हणाला.

"मग चालत नाही असं लिहून द्या."

लिहून दिलं नाही. पुढच्या सोमवारी परत गेले. मग दर सोमवारी. आवक नंबर मिळायलाच पाऊसकाळ सरला. पुण्याला न्यायला मात्र दोन वर्षं लागली, माहेरचे सोन्याचे डाग मोडले तेव्हा. उशीर व्हायचा तो झालाच. झोप थोडी आली, बाकी माणूस पुरता सावरला नाही. औषधं अजून चालू आहेत, आणि माझा अर्जही.

परवा समितीत नवे साहेब आले. मला खुर्ची दिली, गोड बोलले. "ताई, तुमची केस करून टाकू आपण. फक्त एकदा त्यांना समितीपुढं आणा. पाच मिनिटं. सगळ्यांनी एकदा पाहिलं की झालं."

मी खुर्चीवरून उठले नाही.

"डॉक्टरचा कागद तुमच्या फायलीत हाय," म्हटलं. "मदत द्या. नाहीतर देत नाही म्हणून सही-शिक्क्यानं लिहून द्या. माणूस बघायला मिळणार नाही."