खांबामागची वेंडेल

योरिसने वेंडेलला पहिल्यांदा पाहिलं ते लायडनच्या मोठ्या चर्चमध्ये. खरं तर आधी तिचं बाक हलताना दिसलं. पाद्रीबुवा नरकाचं वर्णन करत होते, त्यांच्या नाकावर एक माशी निवांत बसली होती, आणि ही ताकवाली पोर तोंडात एप्रन कोंबून गदगदत होती. शेवटी तिला उठवून खांबामागे बसवलं. मग खांबच हसतोय असं वाटू लागलं.

पुढे हिवाळ्यात योरिसचा जीव टांगणीला लागला. चित्रकारांच्या मंडळाला एका तरुणीचं चित्र करून दाखवायचं होतं. पसंत पडलं तर गावात चित्रं विकायची मुभा, नाहीतर बापाच्या कारखान्यात जन्मभर दोर वळायचे. मंडळातल्या म्हाताऱ्यांना शांत चेहरे आवडत. आणि याच्या मनात भरला होता वेंडेलचा! तो आल्त्ये मावशीच्या माळ्यावर राहायचा, तिथे वेंडेल रोज ताक घालायला येई. मावशी म्हणाली, "अरे, त्यापेक्षा उतू जाणाऱ्या दुधाचं चित्र काढ. ते तरी घटकाभर थांबेल."

पाच बैठका हसण्यात वाहून गेल्या. पायाखालच्या शेगडीने तिला गुदगुल्या होत, योरिसच्या भुवयांनी तर फारच. जाकीट रंगवून झालं, खिडकी झाली, चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग.

तीन राजांच्या सणाला सकाळी मावशीने गोड पाव कापला. त्यात पावट्याचा एकच दाणा असतो. तो ज्याला मिळेल तो त्या दिवसाचा राजा, त्याचा हुकूम सगळ्यांनी मानायचा. गेल्या वर्षी शेजारच्या खाटकाने खिशातून भलताच दाणा काढून राज्य लाटलं होतं. म्हणून यंदा मावशीचा नियम होता की दाणा सर्वांदेखत थेट तोंडातूनच निघाला पाहिजे. सहा जणांनी पाव खाल्ला. दाणा कुणाच्याच तोंडातून निघेना. मावशीने पाववाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मग वेंडेल माळ्यावर जाऊन खिडकीशी बसली आणि चक्क शांत झाली. ओठ मिटलेले, मान जराशी कललेली, नजर दूर कुठेतरी. योरिसने घाबरून विचारलं, बरं नाही का? तिने नुसती मान हलवली. कुणी काही बोललं का? तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. त्याला गलबलून आलं, पण कुंचला काही त्याने खाली ठेवला नाही. तीन तासांत तिचा चेहरा चित्रात उतरला.

संध्याकाळी सारी आळी जेवायला जमली. वेंडेल उठली आणि तिने तोंडातून कथलाच्या ताटात टणकन दाणा टाकला.

"राजा मी. मावशी, टेबलावर चढून नाचा. खाटीकमामा, तुम्ही आरवा."

"अगं, सकाळपासून गालात धरलास?"

"सकाळी सहाच जण होतो, मावशी. एवढ्याशा प्रजेवर काय राज्य करायचं?"

योरिसचा घास हातातच राहिला. "मग ते डोळ्यांतलं पाणी?"

"हसू दाबत होते हो. तुम्ही तब्येत विचारलीत तेव्हा दाणा जवळजवळ गिळलाच होता."

खाटीकमामा आरवले, मावशीने टेबलाचा एक पाय मोडला. योरिस मात्र माळ्याकडे धावू लागला; चित्रातला डावा गाल फुगलेला होता, तो नीट करायला हवा होता. राजाने त्याला कॉलर धरून खाली बसवलं. चित्राला हात लावायचा नाही, हा तिचा शेवटचा हुकूम.

मंडळातले म्हातारे त्या चित्रापुढे बराच वेळ टोप्या काढून उभे राहिले. सगळं दुःख डाव्या गालात साठलंय, असं त्यांतला सर्वांत ज्येष्ठ म्हणाला, आणि योरिस पास झाला.

वेंडेल आता चाळिशीची आहे. ताक अजून तीच घालते, आणि चर्चमध्ये तिची जागा खांबामागेच आहे.