बिनभोकांची शेगडी

माझा नवरा सातपूरच्या एका कारखान्यात परचेसला होता आणि तिथली खोड त्याने घरीही आणली होती. तीन कोटेशनं आल्याशिवाय आमच्याकडे साधं पायपुसणं येत नसे. लग्नाच्या वेळी मात्र त्याने दोनच स्थळं पाहिली होती. तिसरं का नाही पाहिलं, असं विचारलं की तो पेपर तोंडासमोर धरायचा.

अशा माणसाला दोन हजार चार-पाचच्या सुमारास बार्बेक्यू घ्यायची हुक्की आली. कारण होतं माझा धाकटा दीर. तो अमेरिकेत असतो. त्याने पाठवलेल्या एका फोटोत तो अंगणात, झाकणवाल्या काळ्या बार्बेक्यूसमोर हातात चिमटा धरून उभा होता. डिसेंबरात बायको आणि मुलीला घेऊन तो नाशिकला यायचा होता, पण उतरणार होता हॉटेलात, मागच्या खेपेसारखाच. "वहिनी, तुम्हाला उगाच त्रास नको," असं फोनवर म्हणाला. त्रास कुणाला झाला होता ते मला माहीत होतं. मागच्या वेळी डासांनी त्याच्या लेकीचे गाल फोडून काढले होते.

सासूबाईंनी पिंजारी दारावरून जात होता त्याला थांबवून वरच्या खोलीतल्या गाद्या पिंजून घेतल्या, खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या. धाकट्याने एक रात्र तरी आपल्या घरात झोपावं, एवढंच त्यांना हवं होतं. ते नवऱ्यालाही कळत होतं. भावाच्या आवडीचं काही मांडलं तर तो रमेल आणि राहील, असा त्याचा हिशोब.

आधी आम्ही कॉलेज रोडवरच्या एका चकचकीत दुकानात गेलो. फोटोतल्यासारखाच बार्बेक्यू तिथे होता, खाली चाकं, वर थर्मामीटर. शेजारी पेटवायचं सामान मांडलेलं. लांब दांड्याचा लायटर, निखारे फुलवायचं नळकांडं, पेटवायच्या पांढऱ्या वड्या. विकणारा मुलगा एकेक वस्तू उचलून दाखवत होता आणि नवरा एकेक वस्तू खोडत होता. "लायटर गॅसचा आहेच. नळकांड्याचं काम पुठ्ठा करेल. या वड्या म्हणजे आपला कापूरच की." चाकांवर मात्र त्याचा जीव जडला होता. किंमत ऐकल्यावर त्याने चाकंही खोडली.

दुसरं कोटेशन मुंबईच्या मावसभावाकडून फोनवर आलं आणि तिथेच मेलं. तिसरं अंबडच्या एका वेल्डरचं. जुना ड्रम आडवा कापून, चार पाय लावून, वर जाळी बसवून द्यायला तो तयार झाला. नवऱ्याने घासाघीस सुरू केली. वेल्डर पैसे कमी करेना, तेव्हा हा एकेक काम कमी करत गेला. रंग नको, कडीही नको.

"खाली भोकं पाडायची ना, साहेब? ड्रिलचे येगळे पडतील," वेल्डर म्हणाला.

वेगळे हा शब्द ऐकताच नवऱ्याचा चेहरा खुलला. "मग नकोतच भोकं. वरून उघडंच आहे की. शिवाय गच्चीवर राख पडायला नको."

वेल्डरने मान डोलावली. राखेचा मुद्दा मलाही पटला. घरी येईपर्यंत स्कूटरवर नवरा शीळ घालत होता.

आमच्याकडे चिकन-मटण स्वयंपाकघरात शिजत नाही. सासूबाई माळकरी. मागच्या गॅलरीत वेगळा स्टोव्ह, वेगळी पातेली, त्यांची घासणीसुद्धा वेगळी. शेगडी गच्चीवर, म्हणून त्यांनी परवानगी दिली, तीही एका अटीवर. नव्या जाळीवर आधी त्यांची वांगी-रताळी भाजायची, मग तुमचं काय ते.

पाहुणे संध्याकाळी आले. जावेने खाली रिक्षावाल्याला साडेआठला परत यायला सांगितलेलं मी ऐकलं, आणि सासूबाईंनीही.

नवऱ्याने कोळसे रचले, कापूर पेटवला. भडका उडाला, सगळ्यांनी कौतुक केलं आणि भडका विझला. पुन्हा कापूर, पुन्हा कौतुक. खालून हवाच नव्हती, कोळसे धरणार कसे? रॉकेल ओतायला मी दिलं नाही. माझ्या लग्नातला हेअर ड्रायर मात्र मी देऊन बसले, आणि त्याने सगळ्यांच्या डोक्यात राख घातली. दीर हसून हसून खाली बसला.

"तू तरी दाखव कसं करायचं ते. तिकडे दर रविवारी करतोस ना?" नवरा वैतागला.

"दादा, माझा गॅसवर चालतो. बटण दाबलं की पेटतो. कोळसा मी जन्मात पेटवलेला नाही."

नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मला त्याची दया आली, पण हसूच आधी आलं. दिराने बूट काढले, बाह्या सरसावल्या आणि सूप घेऊन वारा घालायला बसला. दोघं भाऊ आळीपाळीने सूप हलवत एकमेकांना नावं ठेवू लागले. कापराचं पाकीट संपलं. सासूबाई उठून खाली गेल्या आणि देवघरातली कापराची डबी घेऊन आल्या. चिकनच्या शेगडीसाठी! आम्ही सगळे त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"देवाला उद्या उदबत्ती चालेल," त्या म्हणाल्या.

रताळ्यांनी अंत पाहिला. साडेआठला रिक्षा आली तेव्हा वांगी कुठे मऊ पडत होती आणि चिकन ताटातच होतं. रिक्षावाला थोडा वेळ थांबला, हॉर्न वाजवला आणि निघून गेला. चिकन भाजून झालं तोवर थंडीने आम्ही सगळे शाली गुंडाळून शेगडीला चिकटलो होतो. चिकनला आरतीचा वास येत होता. "देवळासारखं लागतंय," असं म्हणत पुतणीने हाडं चोखली आणि आजीच्या मांडीवरच झोपी गेली. तिला उचलून हॉटेलात न्यायचं कुणाच्या जिवावर आलं नसतं? जावेनेच वरच्या खोलीची किल्ली मागितली.

सकाळी दीर अजून झोपलेला होता. नवरा चहाच्या टेबलाशी तोंड पाडून बसला होता.

"आई, पुढच्या खेपेला दुकानातलाच आणतो. नाहीतर या शेगडीला निदान भोकं तरी पाडून घेतो."

सासूबाई चहा गाळत होत्या. "हात लावू नकोस तिला," त्या म्हणाल्या. "नीट पेटली असती, तर तो साडेआठला जेवून गेला असता."