नेटची वायर काढून बघा!

मशीन विकलं की दुकानातून जातं. किस्सा मात्र दुकानातच राहतो, आणि दर चहाला थोडा वाढतो!

आमचं शिवाजीनगरला पाकिटं सील करायच्या मशीनचं दुकान आहे. गिऱ्हाईक कारखानदार, आणि बऱ्याच कारखान्यांत कामाच्या जागी इंटरनेट बंद. म्हणून मशीनबरोबर आम्ही पेन ड्राइव्ह देतो. त्यातलं पान ब्राउझरमध्ये उघडायचं, व्हिडिओ बघायचा, किरकोळ दुरुस्ती आपली आपण करायची. हे मॅन्युअल सांभाळते आमच्या दुकानातली विद्याक्का. आमच्यासारखीच या कन्नड मुलखातली जुनी मराठी. शिकली कॉमर्स, पण कॉम्प्युटरला तिचा धाक आहे.

हे सगळं सुरू झालं तेव्हा होसकोट्याचा एक मसालेवाला बारा मशीन घेणार होता. अट एकच. "दर वेळी तुमच्या मेकॅनिकची वाट बघणार नाही. मॅन्युअल चाललं तर ऑर्डर, नाही तर राम राम!"

* * *

पहिलं मॅन्युअल मी केलं होतं. मोबाइलवर शूटिंग, लॅपटॉपवर एकदम झकास. विद्याक्कानं ते मुद्दाम दुकानातल्या सगळ्यात जुन्या कॉम्प्युटरवर लावलं. आवाज येतोय, चित्र काळं!

"स्क्रीन गेली," मी निदान केलं.

"स्क्रीन शाबूत आहे, अण्णा. तुमचा मोबाइल नव्या पद्धतीनं व्हिडिओ भरतो, ती या ब्राउझरला कळत नाही. सगळे साध्या एमपीफोरमध्ये बदलावे लागतील."

"लॅपटॉपवर चालतंय ना पण?"

"मग प्रत्येक मशीनबरोबर तुमचा लॅपटॉप द्या!"

* * *

माझा भाचा बेळ्ळंदूरला मोठ्या आयटी कंपनीत आहे. तो आला आणि हसला. "मामा, हे कन्व्हर्ट वगैरे कशाला? व्हिडिओ नेटवर टाका, मॅन्युअलमध्ये लिंक द्या. पाच मिनिटांचं काम."

विद्याक्का उठली, कॉम्प्युटरची नेटची वायर काढली आणि शांतपणे म्हणाली, "सरी, बरं. आता उघड लिंक."

भाच्यानं लिंकवर दोनदा क्लिक केलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"मामा, चहा सांगा!"

* * *

मग मला हुशारी सुचली. फाइली फार जड वाटत होत्या. म्हटलं, आणखी लहान कर. विद्याक्कानं एक व्हिडिओ अगदी बारीक करून माझ्यासमोर लावला. सगळं धुरकट.

"यात मेकॅनिकचं बोट कुठलं ते दाखवा."

मी दाखवलं.

"ती सील करायची पट्टी आहे, अण्णा. तापलेली."

त्या दिवसापासून फाइल किती जड असावी यावर मी बोलत नाही.

* * *

पेन ड्राइव्ह मात्र मीच भरणार म्हणून हट्ट केला. भरला, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला. पान उघडलं, अक्षरं दिसली, आणि व्हिडिओच्या जागी रिकामे चौकोन!

विद्याक्कानं ड्राइव्ह उघडून बघितला. मी फक्त पान कॉपी केलं होतं. व्हिडिओंचं फोल्डर तसंच मागे राहिलं होतं.

"अण्णा, जेवायला बोलावलंत, पान मांडलंत, आणि स्वयंपाक घरीच!"

* * *

होसकोट्याला आम्ही दोघं गेलो. मॅनेजर पक्का माणूस. त्यानं स्वतः वायर काढून कॉम्प्युटरला नेट नसल्याची खात्री केली. मग आठवड्यापूर्वी कामाला लागलेल्या लक्ष्मम्माला बोलावलं. मशीन बंद करून तिला सांगितलं, पट्टीवरचं टेफ्लॉनचं कापड बदल. आणि आम्हाला बजावलं, "तुम्ही दोघांनी एक शब्द बोलायचा नाही."

लक्ष्मम्मानं पान उघडलं, व्हिडिओ लावला. चित्र स्वच्छ. मध्ये थांबवायची, एक स्क्रू काढायची, पुन्हा लावायची. एकदा मागे नेऊन बघितलं, मान हलवली, नवं कापड ताणून बसवलं. मशीन सुरू केलं आणि हळदीचं पाकीट सील करून मॅनेजरच्या हातात दिलं. त्यानं ते दाबलं, उलटं करून झटकलं. कणभरही हळद सांडली नाही.

"बाराही मशीन पाठवा," तो म्हणाला. मग कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या, दुसऱ्याच कुणाकडून घेतलेल्या एका मशीनकडे बोट दाखवून विद्याक्काला म्हणाला, "अक्का, त्याचंही असं मॅन्युअल करून द्याल? वर्षभर बंद पडून आहे."

विद्याक्कानं वर झाकलेलं कापड उचलून ते मशीन नीट न्याहाळलं.

"मॅन्युअल नक्की चालेल, सर. मशीनचं मात्र मी सांगू शकत नाही!"