आवक आहे, जावक नाही

रेकॉर्ड रूममधल्या ताईंचं संध्याकाळच्या कॉलेजातलं हे तिसरं वर्ष, आणि वर्गात त्यांना हमखास येणारी गोष्ट एकच होती, झोप. म्हणून त्या शेवटच्या बाकामागे भिंतीला टेकून उभ्या राहायच्या आणि तशाच टिपणं काढायच्या. सर काही म्हणत नसत. सर त्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान होते.

सत्तेचाळिसाव्या वर्षी माहिती प्रणालीची पदवी घ्यायची हौस कुणाला असते? ताई इस्पितळात एकोणीस वर्षं पेशंटच्या जुन्या फाइली सांभाळत होत्या. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या दोन मुली पदवीच्या जोरावर त्यांच्याच साहेब झाल्या. दुसरीच्या वेळी ताई घरी आल्या, चप्पल न काढताच खुर्चीत बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मी कॉलेजात नाव घालतेय." तो म्हणाला, "संध्याकाळचा स्वयंपाक मी करतो. पण मिठावरून बोलायचं नाही."

पाचव्या सेमिस्टरला सरांनी काम दिलं. खरं ऑफिस निवडा. तिथला एक कागद कुठून निघतो, कुणाकुणाकडे जातो, कुठे थांबतो, ते बाण काढून दाखवा. काम जोडीनं करायचं. ताईंच्या वाट्याला आली चष्मिस, वर्गातली सगळ्यात बडबडी पोरगी.

"ताई, तुमचंच ऑफिस घेऊ या ना. परवानग्या मागत कुठे फिरायचं?"

ताईंना बरं वाटलं. निदान ह्या एका विषयात तरी त्यांना कुणी शिकवणार नव्हतं.

शनिवारी चष्मिस तळघरातल्या त्या खोलीत आली. छतापर्यंत रॅक, एक स्टूल, एक कंप्युटर. पेशंट घरी गेला की त्याची फाइल इथे येई. ताई तिचा नंबर आणि रॅक कंप्युटरवर घालत, आणि मग तेच सगळं निळ्या शाईनं जाड रजिस्टरात उतरवून काढत.

"हे रजिस्टर कोण बघतं?" चष्मिसनं विचारलं.

"सगळेच."

"सगळे म्हणजे कोण?"

"चल, विचारूनच बघू," ताई उठत म्हणाल्या. मग दोघी विचारत फिरल्या. पेशंटना जुने कागद देणाऱ्या काउंटरवरचे म्हणाले, आम्ही कंप्युटरवरच बघतो. रेकॉर्डची तपासणी करणारे म्हणाले, आम्हाला छापील यादी लागते. वॉर्डातल्या जुन्या सिस्टर म्हणाल्या, "अगंबाई, अजून लिहिता तुम्ही?" कंप्युटर आला त्याला सहा वर्षं झाली होती. लिहिणं थांबवा असं कुणी सांगितलं नव्हतं, आणि ताईंनीही विचारलं नव्हतं.

चित्र काढताना चष्मिस हळूच म्हणाली, "रजिस्टरातून काउंटरकडे एक बाण देऊन टाकू? कुणाला कळतंय?"

ताईंनी तिचं पेन बाजूला सारलं. "नको गं. जात नाही ना तिकडे काही."

वर्गात सरांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "ही चूक बघा. आवक आहे, जावक नाही. माहिती नुसती आत जाऊन पडलीय. बाण काढायचा विसरलात."

"विसरलो नाही, सर," मागून ताई म्हणाल्या. "तसंच आहे ते. रजिस्टर मीच लिहिते. रोज सव्वा तास."

सरांनी मार्करचं टोपण काढलं, परत लावलं. "बसा ना तुम्ही," एवढंच त्यांना सुचलं.

"उभीच बरी आहे, सर. बसले तर झोपेन."

पोरं हसली, ताईही हसल्या. पण त्या दिवशी पुढचं एक अक्षरही त्यांनी उतरवून घेतलं नाही.

दोन दिवसांनी त्या स्वतःच तो बाणांचा कागद घेऊन अधीक्षकबाईंकडे गेल्या. काय काय सांगायचं ते जिन्यात चारदा घोकलं होतं. बाईंनी कागदावर नजर फिरवली. "मग बंद करा ना," त्या म्हणाल्या. "नाहीतरी काउंटरला माणूस कमीच आहे. दुपारी तिथे बसत जा."

झालं. दोन मिनिटंही लागली नाहीत.

ताईंनी शेवटच्या नोंदीखाली पट्टीनं रेघ मारली, सही केली, तारीख घातली. उरलेली कोरी पानं उगाच एकदा चाळली.

काउंटरवर दुपारभर माणसं अंगावर यायची. पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ वारलेल्या आईचे कागद मागायला आले. नंबर माहीत नव्हता, आणि नावानं काही सापडत नव्हतं. वॉर्डात आडनाव कसं चुकीचं लिहितात ते ताईंना पाठ होतं. तसं लिहून बघितलं आणि फाइल निघाली. गृहस्थांनी हात जोडले. तोवर मागचा माणूस ओरडायला लागला होता.

प्रकल्पाला पंचवीसपैकी अठरा मिळाले. दोन वाढवून मागायला चष्मिस भांडायला निघाली, तर ताईंनी तिची ओढणी धरून तिला खाली बसवलं.

"सुटल्यासारखं वाटतंय का?" जेवताना नवऱ्यानं विचारलं.

"माहीत नाही. दुपारी हात पेन शोधतात." त्यांनी पाय खुर्चीवर घेतले. "आणि पुढच्या सेमिस्टरला वर्ग अर्धा तास आधी आहे. काउंटरवरून लवकर सोडतील का, ते उद्या विचारायला हवं."