पेनल्टीला पाठ फिरवणारे फाटकमामा

पेनल्टी आमच्या टीमला मिळो की आमच्यावर बसो, फाटकमामा मैदानाकडे पाठ करत आणि तळ्याकडे तोंड करून बसत. आमचं फुटबॉलचं मैदान गावतळ्याला लागून आहे आणि तळ्याची पाळ हीच आमची गॅलरी. पाळीवर दोन-तीनशे माणसं श्वास रोखून उभी, आणि त्यांच्यामध्ये रेल्वेचा जुना निळा शर्ट घातलेला हा एकटा माणूस पाण्यातल्या शिंगाड्याच्या वेलांकडे बघत बसलेला. चेंडू जाळीत गेला, अडवला गेला की वरून निघून गेला, हे ते मागच्या आवाजावरून सांगत. माझ्या आठवणीत ते एकदाही चुकले नाहीत.

एकदा मी विचारलं की मामा, पेनल्टीसाठी लोक जीव टाकतात आणि तुम्ही पाठ काय फिरवता? ते म्हणाले, “आपल्या मानसाचं आप्रेशन अस्ते, तवा बाहेरच बसतेत ना गा. आत जाऊन पायते कोन?” दुसऱ्या दोन टीमांची मॅच असली की मात्र गोष्ट वेगळी. तेव्हाच्या पेनल्ट्या मामा मांडी घालून, खिशातल्या भुईमुगाच्या शेंगा सोलत, मजेत पाहत. कोण कुठल्या कोपऱ्यात मारणार हेही आधीच सांगत आणि पुष्कळदा बरोबर सांगत. थोडक्यात, खेळ त्यांना कळत होता. आमची टीम तेवढी त्यांना बघवत नव्हती.

सौंदडच्या अलीकडे आमच्या गावाजवळ रेल्वेचं फाटक होतं. आता तिथे खालून रस्ता काढलाय आणि पावसाळ्यात त्यात कंबरभर पाणी असतं, पण ते असो. त्या फाटकावर मामांनी अठ्ठावीस वर्षं काढली. स्टेशनमास्तरचा फोन आला की फाटक लावायचं आणि मास्तरला एक नंबर द्यायचा. तो नंबर दोन्हीकडच्या वहीत लिहिला गेला की मगच गाडी पुढे निघायची. नुसतं तोंडाने ‘लावलं’ म्हणून भागत नसे. त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नात वरात नेमकी फाटकापलीकडे अडकली. मामा रजेवर, नवा जावई घोड्यावर, ड्यूटीवरचा पोरगा शिकाऊ. वऱ्हाडातल्या मोठ्या माणसांनी मामांना गळ घातली की दोन मिनिटं उघडायला सांगा. मामा फेटा सावरत त्या पोराजवळ जाऊन उभे राहिले आणि त्याला बजावलं की नंबर देला हाये, कोनाच्या बापाले उघडू नको. मालगाडी बावीस मिनिटांनी गेली. त्या बावीस मिनिटांवरून व्याही पुढे वर्षभर फुगून होता.

रिटायर झाल्यावर ही सवय त्यांनी गावात आणली. कोणी काही बातमी सांगितली की मामांचा एकच प्रश्न, “नंबर हाये का?” म्हणजे, हे कोणी सांगितलं, त्याने कुठे लिहून दिलंय का, की असंच वाऱ्यावर? हळूहळू सगळी पाळच तसं विचारू लागली. अमक्याची मुलगी पळून गेली म्हणे. नंबर आहे का? आमच्या भागात अर्ध्या चहाड्या त्या प्रश्नाने जागीच मेल्या असतील.

मला ते भाच्या म्हणत. सारं गाव त्यांना मामा म्हणतं म्हणजे सारं गाव त्यांचे भाचे, पण हाक मात्र मलाच. बसस्टँडवर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, आणि मी क्लबचा सहसचिव होतो. मामांच्या पेन्शनचा हयातीचा दाखला दरवर्षी मीच भरून द्यायचो. तेव्हा ते चष्मा लावून स्क्रीनवरचा शब्द न् शब्द वाचत आणि माझ्या चुका काढत.

गेल्या हंगामात आम्ही जिल्हा लीगच्या फायनलला पोहोचलो आणि आठवडाभर आधी आमच्या फॉरवर्डचा गुडघा गेला. सचिवाने डोंगरगडकडून एक पोरगा उचलून आणला. पोरगा खेळायला वाघ होता. पण नियम असा की खेळाडू निदान वर्षभर त्या गावात राहणारा हवा. सचिवाने एक कागद माझ्या मोबाइलवर पाठवला. प्रिंट काढताना मी तो वाचला. खोटं कशाला बोलू, पूर्ण वाचला. हा खेळाडू दोन वर्षांपासून माझ्या घरी भाडेकरू म्हणून राहतो, असं त्यात लिहिलं होतं, आणि खाली घरमालक म्हणून फाटकमामांचं नाव. मामांच्या घराची मागची खोली रिकामी असते आणि त्यांच्या सहीवर जिल्ह्यात कोणी बोट ठेवणार नाही, हे सचिवाने बरोबर हेरलं होतं. तो फोनवर म्हणाला, “मैदान की परमिशन का अर्ज है बोल दे. एक सही का तो सवाल है भाऊ.”

मी तेच बोललो. मामा पाळीवर बसले होते, चष्मा घरी होता. कागदाची घडी मी अशी घातली होती की सहीपुरती जागा वर राहावी. ते म्हणाले, “काय हाये गा भाच्या?” मी म्हणालो, मैदानाचा अर्ज आहे. त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून सही केली, रेल्वेत करत तशी, खाली दोन रेघा ओढून. नंबर विचारला नाही.

फायनल आम्ही जिंकलो, त्याच पोराच्या पेनल्टीवर. पाळ फुटल्यासारखा आवाज झाला, तळ्याकडे तोंड करून बसलेले मामा उठले आणि डोळे पुसत माझ्या गळ्यात पडले. मीही रडलो. मला वाटलं, चला, जिंकलो म्हणजे संपलं.

संपतं कुठे? हरलेल्या टीमने तक्रार केली आणि जिल्हा संघटनेने चौकशी लावली. निकाल लागायला सहा आठवडे गेले, आणि त्या सहा आठवड्यांत आमचा निकाल रोज कोणी ना कोणी लावत होतं. गोंदियाचं एक यूट्यूब चॅनेल होतं. त्याच्यावर आमच्या टीमचा फोटो, त्याला लाल गोल आणि वर ‘क्या तालाब टीम पर लगेगा बॅन?’ पेपरात एक दिवस तीन वर्षांची बंदी ‘असे समजते’, दुसऱ्या दिवशी ट्रॉफी परत घेणार ‘अशी चर्चा आहे’, तिसऱ्या दिवशी क्लबची नोंदणीच रद्द ‘होण्याची शक्यता नाकारता येत नाही’. रोज संध्याकाळी पाळीवर माणसं जमत. सामना नाही, सराव नाही, नुसते मोबाइल. कोणी जेवण सोडलं, कोणी चॅनेलवाल्याला शिव्या लिहून ब्लॉक झाला. क्लबची जर्सी घालून शेतात भाताच्या रोवणीला जाणारेही निघाले. एकाने तर मारुतीला नवस बोलून ठेवला की बंदी एकच वर्षाची होऊ दे. तेव्हा मामा त्याच्यावर उखडले, की म्हणजे चोरी केली हे तू मारुतीजवळ कबूल करून आलास का?

मामांनी त्या दिवसांत एक रजिस्टर सुरू केलं. जुन्या वहीत तीन रकाने आखले. वेळ, काय म्हणाला, नंबर. जी अफवा पाळीवर येई ती ते सुवाच्य अक्षरात लिहून घेत आणि तिसरा रकाना कोरा सोडत. पानामागून पानं भरली, तिसऱ्या रकान्यात एक अक्षर नाही. घाबरलेला कोणी आला की मामा वही उघडून त्याच्यापुढे धरत. “पाय, एकालेबी नंबर नाही. कायले जीव जाळून रायला?” माणूस खरंच थोडा हलका होऊन घरी जाई. सहा आठवडे ती पाळ त्या एका वहीवर उभी होती.

मग चॅनेलवाल्याने विचारायला सुरुवात केली की हा डोंगरगडचा खेळाडू गावात राहतो तरी कोणाच्या घरी? पाळीवर सगळे एकमेकांकडे बघू लागले. मामांनी तेही लिहून घेतलं आणि म्हणाले, “असन कोनाच्या घरी. आपले पोट्टे खोटा कागद नाही देत.” मी त्यांच्या शेजारी बसलो होतो, हातभर अंतरावर. तेव्हा तोंड उघडायचं होतं. मी चहा आणायला उठलो.

सुनावणीला सचिव आणि मी गेलो. टेबलावर तो कागद होता, दोन रेघांच्या सहीचा. संघटनेच्या साहेबांनी विचारलं की हा पोरगा खरंच या घरी राहतो का? मला वाटलं सचिव आता गुळमुळीत काहीतरी बोलेल. तो हात जोडून म्हणाला, “साहेब, आम्हीच फसलो. गावातला इतका जुना, रेल्वेतला माणूस लिहून देतो म्हटल्यावर आम्ही विश्वास ठेवला.” मग त्याने माझ्याकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. मी मान हलवली. किती हलवली, होकाराची की नुसती, याचा हिशेब मी पुष्कळ दिवस करत होतो. साहेबांनी होकार धरला.

क्लबला ताकीद मिळाली, बस्स. त्या पोराला लीगमधून काढलं. ट्रॉफी आमच्याकडेच राहिली, कारण क्लबची दिशाभूल झाली होती. दुसऱ्या दिवशी पेपरात तेच छापून आलं, आणि यावेळी ‘समजते’ नव्हतं, ‘चर्चा’ नव्हती. मामांचं नाव होतं, आडनावासकट. घरमालकाने खोटं लिहून दिलं.

गावात फटाके वाजले, गुलाल उधळला. मामांच्या घरी भाडेकरू नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मामांनी असा कागद जाणूनबुजून दिला नसेल हेही ठाऊक होतं. ज्यांना त्या वहीने सहा आठवडे झोप दिली, त्यांच्यातला एकजण बोलला नाही. क्लब वाचला ना, मग कशाला उकरून काढायचं, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मला गुलाल लावायला आलेल्यांना मी अडवलं नाही.

दुपारी मामा दुकानात आले. रजिस्टर काउंटरवर ठेवलं आणि पहिलं पान उघडून माझ्याकडे फिरवलं. सगळ्यात वर, पहिल्या अफवेच्याही आधी, नव्या शाईत एक ओळ घातली होती. वेळ, फायनलच्या आधीचा मंगळवार, संध्याकाळ. काय म्हणाला, मैदानाचा अर्ज आहे, भाच्या. तिसरा रकाना कोरा.

मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, “अठ्ठावीस वर्ष नंबराबिगर गाडी नाही सोडली. तू आनला म्हनून सोडली.” आवाज चढलेला नव्हता. रागावले असते तर मी पाय धरले असते. त्यांनी वही तिथेच ठेवली आणि उन्हात निघून गेले. या वर्षी हयातीचा दाखला त्यांनी सौंदडला जाऊन दुसऱ्याकडून भरून घेतला.

सहसचिवपद मी सोडलं. त्यात काही मोठेपणा नाही, लाज वाटत होती म्हणून सोडलं. घडलं ते सगळं लिहून संघटनेला द्यायचं पत्र मी टाइप केलंय. ते दुकानातल्या कॉम्प्युटरवर पडून आहे. पाठवलं तर ट्रॉफी जाईल, बंदी येईल, आणि गावात दुकान चालवणं कठीण होईल. रोज सकाळी ते उघडतो, एखादा शब्द इकडचा तिकडे करतो आणि बंद करतो. हा माणूस कसा होता हे मी इथे एवढं ऐसपैस लिहितोय, पण लिहायला हवं होतं ते पत्र, हे मलाही कळतं.

नव्या हंगामाच्या पहिल्या मॅचला मामा येणार नाहीत असं सगळे धरून होते. ते आले. तोच निळा शर्ट, तीच जागा. लोकांनी त्यांना जरा जास्तच जागा सोडली होती. मी मागे, पाच-सहा माणसं सोडून बसलो. दुसऱ्या हाफमध्ये आम्हाला पेनल्टी मिळाली. सवयीने सगळ्यांची नजर मामांकडे गेली, की आता हे उठतील, वळतील आणि तळ्याकडे तोंड करून बसतील.

मामा वळले नाहीत. त्यांनी मांडी घातली, खिशातून मूठभर शेंगा काढल्या आणि एकेक सोलत मैदानाकडे पाहत राहिले. शेजारच्या माणसाला सांगितलंही, की डाव्या कोपऱ्यात मारन.

पुढचं मी पाहिलं नाही. मी तळ्याकडे तोंड केलं होतं.